आईचे कार्ड आणि माझ्या फोनवर येणारे मेसेज

२०२३ च्या डिसेंबरमधल्या एका बुधवारी संध्याकाळी कार्यालयातल्या वह्या आवरून मी पर्समधून फोन काढला, तेव्हा त्यावर बँकेचे लागोपाठ दोन मेसेज येऊन पडलेले होते. आईच्या डेबिट कार्डावरून सहा वाजून चाळीस मिनिटांनी ४,८५० रुपये आणि त्यानंतर बाराच मिनिटांनी ४,९०० रुपये खर्च झाले होते, आणि त्या दोन्ही दुकानांची नावे मी कधी ऐकलेली नव्हती. आई तेव्हा नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून घरी येऊन बसली होती. मी फोन केल्यावर तिने पिशवी ओट्यावर उपडी केली, वांगी, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, पाव किलो मिरची असे एकेक बाजूला ठेवले आणि मग हळू आवाजात म्हणाली, "अगं, यात बटवा नाही दिसत."

कार्ड त्या बटव्यात होते. ते चिपचे कार्ड होते. त्याचा पिन आईने कोणाला सांगितलेला नव्हता आणि कागदावर लिहूनही ठेवलेला नव्हता. शाळेत तीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईला चार आकडे लक्षात ठेवायला कागद लागत नाही. तरीही ९,७५० रुपये गेले. मी एका पतसंस्थेत बरीच वर्षे हिशेब तपासण्याचे काम करते, त्यामुळे ओळखीचे लोक मला विचारत असतात की चिपचे कार्ड सुरक्षित असते ना. त्या संध्याकाळपर्यंत मी त्यांना "असते" एवढेच उत्तर देत असे. आता तेवढ्यावर थांबणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पूर्वी बँकेत पैसे काढायला गेले की खिडकीवर पितळी टोकन मिळत असे. आकडा पुकारला गेला की ज्याच्या हातात ते टोकन असेल त्याला पैसे मिळत. कार्डाच्या मागची काळी चुंबकीय पट्टी हे असेच टोकन होते. तिच्यावरची माहिती कधी बदलत नसे, त्यामुळे एटीएमच्या फटीत बसवलेल्या छोट्या उपकरणाने ती एकदा वाचली आणि वरच्या कॅमेऱ्याने पिन टिपला की दुसऱ्या कोऱ्या कार्डावर तीच माहिती उतरवून पैसे काढता येत. चिप असे काहीही हातात देत नाही. तो नखाएवढा सोनेरी चौकोन म्हणजे खरे तर एक छोटा संगणक आहे आणि त्याच्या पोटात एक गुप्त किल्ली ठेवलेली असते. व्यवहार सुरू झाला की दुकानातले मशीन त्याला रक्कम, तारीख आणि त्या क्षणी तयार केलेला एक यादृच्छिक आकडा पाठवते, चिप आपल्या किल्लीने त्यांवर प्रक्रिया करून केवळ त्या एका व्यवहारापुरता संकेत तयार करते, आणि तो बँकेकडे पडताळला जातो. पुढच्या व्यवहाराला हा संकेत चालत नाही. म्हणजे प्रत्येक व्हाउचरवर रोखपालाने नव्याने सही करावी तसे हे आहे. आणि किल्ली चिपच्या बाहेर येतच नसल्यामुळे ती सही दुसऱ्याला गिरवता येत नाही.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये स्मृती असलेल्या कार्डाचे पेटंट घेतले, आणि नव्वदच्या दशकात युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या कार्ड-कंपन्यांनी मिळून जे सामाईक मानक तयार केले, त्याला त्यांच्या आद्याक्षरांवरून ईएमव्ही हे नाव पडले. आपल्याकडे मात्र पट्टी फार काळ टिकली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले, तेव्हा कित्येकांनी चिप हा शब्द पहिल्यांदा ऐकला. रिझर्व्ह बँकेने केवळ पट्टीवर चालणारी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत बँकांना घालून दिली होती. आईचेही जुने कार्ड त्याच सुमारास बदलले. बनावट कार्डाचा प्रश्न चिपने बऱ्याच अंशी सोडवला, हे मी मनापासून मान्य करते.

पण चिप फक्त कार्डाची ओळख पटवते. कार्ड कोणाच्या हातात आहे हे तिला कळत नाही. ते काम पिनचे आहे. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना, कार्ड मशीनला नुसते टेकवून, पिनशिवाय परवानगी दिली आणि १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० रुपयांपर्यंत वाढली. आईच्या खात्यातून गेलेल्या दोन्ही रकमा पाच हजारांच्या जरा खालीच का होत्या, हे आता वेगळे सांगायला नको. बटवा ज्याला सापडला त्याला हा नियम पाठ होता. त्या दोन्ही वेळी चिपने आपले काम चोख केले आणि खरे कार्ड समोर आहे अशी बिनचूक ग्वाही दिली.

कार्ड टेकवण्याच्या या सोयीबद्दल व्हॉट्सॲपवर एक भीती फार फिरते. सीताबर्डीच्या गर्दीत कोणीतरी मशीन घेऊन अंगाला चिकटून उभा राहील आणि पर्समधल्या कार्डातून पैसे ओढून घेईल, म्हणून कार्ड ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, असा तो सल्ला असतो. कार्ड आणि मशीन यांच्यात जेमतेम चार सेंटिमीटरचे अंतर चालते, आणि दुकानदाराला मशीन मिळते ते बँकेने त्याची कागदपत्रे तपासून खाते उघडल्यावरच, त्यामुळे असा चोर आपला पत्ता मागे ठेवूनच पळेल. जवळ धरलेल्या फोनला कार्डाचा क्रमांक आणि मुदत वाचता येते हे खरे, पण त्यावरून चिपची नक्कल होत नाही. या गोष्टीने झोप उडवून घेण्याचे कारण मला दिसत नाही. धोका साध्या गोष्टीत आहे: कार्ड हरवणे, आणि ते हरवल्याचे उशिरा कळणे.

आमच्या बाबतीत ते लवकर कळले. सात वाजून वीस मिनिटांनी मी बँकेच्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करवले, तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला, १९३० या सायबर मदत क्रमांकावरही नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन शाखेत लेखी अर्ज दिला. तिथे पहिला प्रश्न आला, "पिन कोणाला सांगितला होता का?" पिन वापरलाच गेलेला नाही हे त्यांच्याच पडद्यावर दिसत होते. तरीही आठवड्याभराने जे पत्र आले त्याचा आशय असा होता की व्यवहार प्रत्यक्ष कार्डाने झालेले आहेत, कार्ड सांभाळण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे, म्हणून बँक रक्कम परत करू शकत नाही.

ते पत्र वाचताना आईचा चेहरा उतरला तो पैशांमुळे नव्हे. निष्काळजी हा शब्द तिला आयुष्यात कोणी लावला नव्हता.

६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यानुसार, चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी हात मारला, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीही भार पडत नाही. कामाच्या चार ते सात दिवसांत कळवले तर भार मर्यादित राहतो, साध्या बचत खात्याला तो दहा हजारांपर्यंत असतो. त्यानंतर मात्र बँकेच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची, असे बंधन बँकेवर आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे असे की ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. कार्ड वापरले गेले एवढ्यावरून चूक सिद्ध होत नाही.

हा वाद एकट्या आपल्या देशातला नाही. ब्रिटनमध्ये चिप आणि पिन आल्यावर पैसे गमावलेल्या अनेकांना बँका सांगत असत की पिन वापरला गेला, अर्थात तुम्हीच तो कोणाला तरी दिला असणार. २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी चोरलेले कार्ड आणि मशीन यांच्यामध्ये एक उपकरण बसवून दाखवून दिले की कोणतेही चार आकडे दाबले तरी मशीनला पिन बरोबर असल्याचे भासवता येते. पिन बँकेकडे पाठवून तपासला जातो तिथे ही युक्ती चालत नाही, परंतु यंत्र खोटे बोलणार नाही आणि ग्राहक बोलेल, हे गृहीतक त्या प्रयोगाने मोडले. आपल्या पुण्यात २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि त्यांतली मोठी रक्कम बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून काढली गेली. तिथे एकाही खातेदाराच्या हातून काही घडलेले नव्हते, मधली यंत्रणाच ताब्यात घेतली गेली होती.

मी परिपत्रकातल्या कलमांचा उल्लेख करून पुन्हा पत्र लिहिले आणि सोबत आईच्या कार्ड बदलण्याच्या अर्जाची छायाप्रत मागितली. २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने सांगितले होते की नवीन किंवा बदलून दिलेले कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतेच सुरू असावे, आणि ऑनलाइन, परदेशी किंवा टेकवून करायचे व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावेत. आईचे कार्ड २०२२ मध्ये पुन्हा बदलले होते, म्हणजे ही सोय कोणीतरी मागितल्याशिवाय सुरू व्हायला नको होती. छायाप्रत आली. तीन पानी अर्जाच्या तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, टेकवून व्यवहार करण्याच्या सोयीपुढे "होय" असे आधीच छापलेले होते आणि खाली आईची वळणदार सही होती. निर्णय छापखान्यात झाला होता. ज्येष्ठांना सोपे जावे म्हणून आम्ही तसे करतो, असे मला शाखेत सांगण्यात आले. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही म्हणून मी बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार नोंदवली, आणि सातव्या आठवड्यात ९,७५० रुपये खात्यात परत आले.

इथपर्यंतची हकिकत मी अनेकांना सांगितलेली आहे. यापुढची सांगायला मला वेळ लागला.

तक्रारीसोबत जोडण्यासाठी बँकेने सहा महिन्यांचा खातेउतारा दिला होता. त्यातले आईने स्वतः केलेले व्यवहार कोणते आणि चोराचे कोणते, यावर खुणा करायला आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो. मी लाल पेन घेतले. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला एटीएममधून तीन हजार रुपये काढल्याची नोंद होती, आणि हरवल्याच्या त्या बुधवारीही दुपारी तशीच रक्कम निघालेली होती. हे मेसेज मला नेहमीच येत असत, कारण आईच्या खात्याला नंबर माझा जोडलेला होता. बाबा गेल्यानंतर शाखेत मीच तो लिहून दिला होता. मी सहज विचारले की घरखर्चाचे सगळे मी भागवते, तर तू हे तीन हजार दरवेळी कशाला काढतेस.

आई बराच वेळ उताऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मागे एकदा मी औषधाच्या दुकानात कार्ड दिलं होतं. तू संध्याकाळी आल्या आल्या विचारलंस, तेराशे कशाचे. ती गोळ्या-औषधं तुझ्या मावशीची होती. तिनं कोणाला सांगू नको म्हटलं होतं. तुझ्या फोनवर सगळंच येतं, म्हणून मग मी काढूनच आणत होते."

माझ्या मनात पाळत ठेवण्याचा विचार कधीच नव्हता. मला काळजी होती. पण तिने काय सोसले ते त्या वाक्यात होते, आणि त्या बुधवारी कार्ड बाजारात का गेले याचेही उत्तर त्यातच होते: पैसे कशाला लागतात हे मला कळू नये म्हणून ती एटीएमवर गेली होती आणि तिथूनच पुढे बाजारात वळली होती. ज्या मेसेजमुळे चोरी चाळीस मिनिटांत उघडकीला आली, त्याच मेसेजमुळे कार्ड बटव्यात आले होते.

खासगीपणाची चर्चा आपल्याकडे सरकार आणि कंपन्या यांच्यापुरती होते, आणि तीही आवश्यक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये काढला, तो न पाळल्यावरून मास्टरकार्डला २०२१ च्या जुलैपासून जवळजवळ वर्षभर नवे ग्राहक घेता आले नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे क्रमांकाऐवजी दिलेला पर्यायी संकेत, वापरावे लागते. हे सगळे चांगले आहे. पण आपल्याकडच्या किती बायकांच्या खात्यांना नवऱ्याचा नंबर जोडलेला आहे आणि किती म्हाताऱ्या आईवडिलांच्या खात्यांना मुलाचा, हे प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात पाहावे. धंतोलीतल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारी बाई फी रोख का देते, हे तिला विचारावे लागत नाही. कार्डावर दिली तर दवाखान्यातून ती बाहेर पडण्याआधी घरात कळलेले असते. बाजारातल्या हातगाडीवरचे ते छोटे स्पीकरसुद्धा, आलेली रक्कम मोठ्याने सांगून, कोणी किती दिले हे शेजारच्या चार गिऱ्हाइकांना ऐकवतात.

म्हणून रोख पैशांकडे मी आता मागासलेपणाची खूण म्हणून पाहत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या आपल्या नागपूर कार्यालयासमोर, संविधान चौकापर्यंत, ज्या रांगा लागल्या होत्या त्यांत मी उभी राहिलेले आहे, आणि रोख नसली की भाजीवाली आणि रिक्षावाला यांचे काय होते ते मी पाहिलेले आहे. पुढच्याच वर्षी १४ एप्रिलला नागपुरातच, डिजिधन मेळ्यात, अंगठा लावून पैसे देण्याच्या भीम-आधार योजनेचे उद्घाटन झाले. मला तो उत्साह समजतो, पण पिन चोरीला गेला तर बदलता येतो आणि अंगठा बदलता येत नाही. शिवाय खडू आणि भांडी यांनी झिजलेल्या आईच्या बोटांचे ठसे शिधापत्रिकेच्या मशीनवर तीनतीनदा नाकारले जातात. नोटाबंदीच्या आधी देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन फिरत होते, २०२४ मध्ये ते ३४ लाख कोटींच्या वर गेले. यूपीआयची एवढी वाढ होऊनही लोकांनी रोख सोडलेली नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय देशभर वारंवार अडखळले तेव्हा ज्यांच्या खिशात शंभराच्या दोन नोटा होत्या त्यांचे काम थांबले नाही.

मला चिपचे कार्ड नको आहे असे नाही. पेन्शन काढायला, दवाखान्यातले मोठे बिल द्यायला, प्रवासात, त्याच्यासारखी सोय नाही. मला हवे आहे ते एवढेच की त्यातली प्रत्येक सोय माणसाने स्वतः सुरू केलेली असावी, फसवणूक झाली तर पुरावा बँकेने द्यावा, आणि रोख देणाऱ्याला कोणी कारण विचारू नये. तिसरी गोष्ट घरातल्यांनाही लागू आहे.

आम्ही आईच्या नव्या कार्डावरची टेकवण्याची, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची सोय बंद ठेवली आणि एटीएमची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणली. मग शाखेत जाऊन खात्याला जोडलेला माझा नंबर काढला आणि तिचा, तिच्या बटणाच्या फोनचा, दिला. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारले, "नक्की ना काकू? मॅडमच्या फोनवर आले तर बरे पडते." आईने मान हलवली आणि अर्जाची तिन्ही पाने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचल्यावरच सही केली. कार्ड बंद करण्याचा बँकेचा क्रमांक आणि १९३० हे दोन्ही आकडे तिने स्वतःच्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवले आहेत. मेसेज आला की ती तो लगेच उघडून बघते. चूक झाली तर कळायला मला उशीर होईल, ही धाकधूक माझ्या मनात आहे आणि ती मी तिला सांगितलेली आहे.

गेल्या बुधवारी ती बाजारातून आली, पिशवीतून वांगी आणि सांभार काढून ओट्यावर ठेवला, भिवापुरी मिरची किलोमागे वीस रुपयांनी चढली आहे एवढे मला सांगितले आणि हात धुवायला आत गेली.